84 नोटा, पाण्याचे 14 दिवस : एका कादंबरीच्या पूर्वतयारीचं प्रकरण

अक्का पहिल्यांदा माझ्याकडं आल्या तेव्हा हातात भाजीची पिशवी होती आणि पिशवीत पाच वह्या. मी सोलापुरात नवी पेठेत अक्षरजुळणी आणि मुद्रितशोधनाचं काम करतो, त्यामुळं वह्या घेऊन येणारी माणसं मला नवीन नाहीत. बहुतेकांना 'छापायला किती पडतील' एवढंच विचारायचं असतं. अक्कांनी वह्या टेबलावर ठेवल्या, पदरानं घाम पुसला आणि म्हणाल्या, "ह्याची कादंबरी का बनंना, तेवढं सांग."

अक्का 61 वर्षांच्या. प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. घर साखर पेठेत. मातृभाषा तेलुगू, शिक्षण सगळं मराठीतून. आई विड्या वळायची, वडील गिरणीत होते, नवरा चादरीवर नक्षी विणणाऱ्या जॅकार्ड यंत्रासाठी ग्राफ काढायचा. तो सहा वर्षांपूर्वी वारला. त्यांचं नाव इथं लिहायचं नाही असं आमचं ठरलंय. "नुसतं अक्का लिही," त्या म्हणाल्या, "पूर्व भागात गल्लीला दोन अक्का असतात, कुणाला कळायलंय."

त्या जूनमध्ये आल्या. कादंबरीचं पहिलं खरं पान लिहिलं ते जानेवारीत, गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेची, गर्दी ओसरल्यावर. मधल्या सात महिन्यांचं हे प्रकरण आहे. कादंबरी अजून पूर्ण नाही, त्यामुळं ही यशोगाथा नव्हे. पण कादंबरी लिहायला बसण्याआधी नेमकं काय ठरवावं लागतं आणि काय ठरवण्यात वेळ वाया जातो, हे मी इतक्या जवळून आधी कधी पाहिलं नव्हतं.

पाच वह्या

चार वह्यांत नोंदी होत्या. 1877 सालची जुनी गिरणी. 8 मे 1930 चा गोळीबार, त्यानंतरचा मार्शल लॉ, 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना झालेली फाशी. गिरण्या एकामागून एक बंद पडणं. 2006 साली कुंभारीला विडी कामगार बायकांसाठी झालेली 10,000 घरांची वसाहत. हे सगळं त्यांनी हिराचंद नेमचंद वाचनालयात बसून, शिक्षकी अक्षरात, समासात तारखा घालून उतरवलं होतं. मला हेवा वाटला. असा नीटनेटकेपणा माझ्याकडं येणाऱ्या पीएच.डी.च्या प्रबंधातही नसतो.

पाचव्या वहीत कादंबरी होती. म्हणजे पहिलं प्रकरण चार वेळा सुरू केलेलं होतं. चारही वेळा आजोबा बाळीवेशीतून चालत निघतात, चारही वेळा दहा-बारा पानांनंतर लेखणी थांबते.

तीन पिढ्यांची गोष्ट होती. आजोबा गोळीबार बघतात. वडील गिरणीला कुलूप लागताना बघतात. आई घरकुलाचं उद्घाटन बघते. सगळे नुसते बघतात. कुणाला काही हवंय, ते मिळत नाहीये, त्यासाठी कुणी एखादं वेडंवाकडं पाऊल टाकतंय, असं एकही पान नव्हतं. हे मला त्या दिवशी दिसलं, पण इतक्या स्पष्टपणे बोलायला जमलं नाही. मी "आराखडा हवा" असं मोघम बोललो आणि तिथंच माझी चूक झाली.

माझा तक्ता

माझ्याकडं एक तक्ता होता. परदेशी पटकथा शिकवणाऱ्या पुस्तकांतून झिरपत आलेला, तीन अंकांचा, पंधरा रकान्यांचा. नायकाचं रोजचं जग, हाक, नकार, मध्यबिंदू, सर्वस्व गमावण्याचा क्षण वगैरे. सोबत पात्रांची प्रश्नावली: आवडता रंग, लहानपणची भीती, खिशात काय असतं. मी दोन्हींच्या प्रती काढून अक्कांना दिल्या.

अक्कांनी चार दिवसांत सगळं भरून आणलं. आयुष्यभर शासनाचे फॉर्म भरलेली बाई ती. 'सर्वस्व गमावण्याचा क्षण' या रकान्यात लिहिलं होतं: गिरणी बंद. 'नायकाचा निश्चय' या रकान्यात प्रश्नचिन्ह. वडिलांचा आवडता रंग या ओळीसमोर: 'कधी विचारलं नाही.'

त्या तीन शब्दांवर मी थांबायला हवं होतं. अख्ख्या तक्त्यात तेवढंच काय ते जिवंत होतं. मी मात्र रकाने दुरुस्त करत बसलो. जुलै गेला, ऑगस्ट निम्मा गेला. तक्ता वाईट असतो असं मी म्हणणार नाही. गोष्ट हाताशी असेल तर तो तिच्यातली भोकं दाखवतो. पण गोष्टच नसताना भरलेला तक्ता, आतला माल न बघता लिहिलेल्या डिलिव्हरी चलनासारखा असतो. कागदोपत्री सगळं बरोबर, पोत्यात काय ते देव जाणे.

आमच्या शनिवारच्या बैठकीत चार-पाच जण असतात. त्यातल्या एका निवृत्त गुरुजींचं मत अगदी उलटं. "हरिभाऊ आपट्यांनी 1890 ला 'करमणूक' काढलं आणि आठवड्याच्या आठवड्याला कादंबरीचे हप्ते लिहिले. त्यांनी कुठं तक्ते भरले? बसायचं आणि लिहायचं." त्यावर मी म्हटलं, गुरुजी, दर आठवड्याला अंक निघायचा हाच त्यांचा आराखडा होता. वाचक वाट बघत असला की पुढं काय हा प्रश्न आपोआप सुटत जातो. अक्कांची वाट कोण बघतंय? गुरुजी गप्प बसले, अक्का मात्र लागल्या म्हणायला, "कुणी नाही बघत, ते बरंच हाय." हा वाद अजून मिटलेला नाही आणि मिटावा असंही नाही. हरिभाऊंचं पाल्हाळ आज वाचताना जाणवतंच की.

वहीत नसलेली गोष्ट

ऑगस्टच्या शेवटी मी वह्या मिटून बाजूला ठेवल्या आणि विचारलं, "अक्का, यांत लिहिलेली नाही अशी एखादी गोष्ट सांगा." त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ते काय इतिहासात बसत नाही, म्हणून लिहिलं नाही.

2016 चा नोव्हेंबर. नोटाबंदी जाहीर झाली त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या रात्री. त्यांच्या गल्लीत तेव्हा तीन दिवसांआड पाणी यायचं, ते पण रात्री तीनला. बायका नळावर, मोटरींचा आवाज, रस्त्यावर पाण्याचे ओघळ. विड्या वळणारी एक शेजारीण अक्कांच्या जवळ आली. घागर भरता भरता तिनं कमरेची पिशवी सोडली, पाचशेच्या दोन नोटा काढल्या आणि हळूच विचारलं, "टीचर, ह्या चालतात का कुठं? माझ्या मैत्रिणीच्या हायेत."

"मैत्रीण कोण ते मी विचारलं नाही," अक्का म्हणाल्या. "तिच्या अंगठ्याला तंबाखूचा डाग होता आणि नोटांना पण तसलाच वास."

एवढंच. पुढं काय झालं त्यांना माहीत नाही. ती बाई नंतर मुलाबरोबर दुसरीकडं राहायला गेली. बैठकीत कुणी बोललं नाही. गुरुजींनी फक्त विचारलं, "मैत्रिणीकडं एकूण किती होत्या?"

पूर्वतयारीच्या दृष्टीनं मी या प्रश्नाला पैकीच्या पैकी गुण देतो. विषय काय, संदेश काय, कालखंड कोणता, हे प्रश्न माणसाला व्याख्यानाकडं नेतात. एकूण किती होत्या हा प्रश्न गोष्टीकडं नेतो.

84 का

किती हे ठरवायला तीन आठवडे लागले, कारण रक्कम ठरवायची म्हणजे ती कशासाठी साठवली हे ठरवायचं. अक्कांचं पहिलं उत्तर: लेकीच्या लग्नासाठी. हे उत्तर कुणीही देईल. दुसरं: तिरुपतीला जाण्यासाठी. ते बरं होतं, पण देवाच्या कामाला घरातलं कुणी नाही म्हणणार नाही, मग लपवायचं कशाला? लपवायचं कारण असं हवं की सांगायला तिची तिलाच लाज वाटावी.

तिसऱ्या आठवड्यात अक्का एका कागदावर हिशेब घेऊन आल्या. बाई दिवसाला हजार विड्या वळते. कारखान्यातून पान-तंबाखू आणायची, पान भिजवायचं, कातरायचं, मांडीवर सूप घेऊन वळायचं, सूत बांधायचं, नेऊन द्यायचं. तिथं चेकर त्यातल्या काही छाटणार, त्या गेल्या. हातात आठवड्याला 800 रुपये येतात असं धरलं. 52 आठवड्यांचे झाले 41,600. म्हणजे 42,000. पाचशेच्या 84 नोटा.

"तिला एक वर्ष विड्या वळायच्या नाहीत," अक्का म्हणाल्या. "बाकी काही नको. सकाळी उठून मांडीवर सूप घ्यायचं नाही, एक वर्ष. घरात पगार चालू राहिल्यासारखा दाखवायचा आणि नुसतं बसायचं. हे ती कुणाला सांगंल?"

या क्षणी कादंबरी सुरू झाली असं मी मानतो, जरी अक्षर एक लिहिलेलं नव्हतं. हवं काय ते ठरलं: वर्षभराची विश्रांती. आड काय येतं ते सरकारनंच ठरवून दिलेलं: 8 नोव्हेंबर ते 30 डिसेंबर. लपवण्याचं कारण ठरलं. बँकेत का भरत नाही, याचं उत्तर अक्कांनी लगेच दिलं. खातं आहे, पण खात्याला मोबाइल नंबर मुलाचा जोडलाय. पैसे भरले की टिंग करून मेसेज मुलाच्या खिशात.

पाण्याचं वेळापत्रक

प्रकरणं कशी पाडायची, हा पुढचा प्रश्न. मी महिनावार, आठवडावार असलं काहीबाही सुचवलं. अक्कांनी कॅलेंडर काढलं आणि तीन दिवसांआड खुणा करायला सुरुवात केली. 9 नोव्हेंबर, 13, 17, 21, 25, 29, मग 3 डिसेंबर, 7, 11, 15, 19, 23, 27 आणि 31. पाण्याचे चौदा दिवस, चौदा प्रकरणं. प्रत्येक प्रकरण पाणी येतं तिथं सुरू आणि पुढचं पाणी यायच्या आत संपलेलं. प्रकरणाला साधारण 4,000 शब्द धरले तर 56,000, म्हणजे सव्वादोनशेच्या आसपास पानं. अक्का रोज 500 शब्द लिहू शकतात, वहीची दोन पानं. हिशेब 112 दिवसांचा झाला. (हा हिशेब केव्हाच कोलमडलाय, ते पुढं येईलच.)

त्यावर मी एकच हरकत घेतली. सोलापुरात सलग चौदा वेळा ठरल्या दिवशी पाणी आलं असं लिहिलं तर वाचक दुसऱ्या प्रकरणातच पुस्तक मिटेल. कुठं तरी पाइपलाइन फुटलीच पाहिजे. अक्का हसल्या आणि 11 डिसेंबर खोडून तिथं 13 केलं. दोन दिवसांची ओढ. मग पुढचे सगळे दिवस सरकले: 17, 21, 25, 29 आणि शेवटचा 2 जानेवारी.

आणि आम्ही दोघंही कॅलेंडरकडं बघत राहिलो. खरेपणासाठी म्हणून पाइप फोडला, तर उपांत्य प्रकरण बरोबर 29 डिसेंबरच्या रात्री आलं. दुसऱ्या दिवशी बँकेची शेवटची तारीख. रात्री तीनपासून पाणी भरायचं, सकाळी रांगेत उभं राहायचं की नाही ते ठरवायचं. हे मी किंवा अक्कांनी डोकं खाजवून शोधलेलं नाही. वेळापत्रक प्रामाणिकपणे मांडल्यावर ते आपण होऊन समोर आलं. पूर्वतयारीचा खरा फायदा कशात, असं कुणी विचारलं तर मी त्याला हे कॅलेंडर दाखवतो.

वाचनालयाचं काम आता पुन्हा सुरू झालं, पण यावेळी नेमक्या गोष्टीसाठी. बँकेत समोरासमोर नोटा बदलून मिळायची मर्यादा आधी 4,000 होती, ती 4,500 झाली, 18 नोव्हेंबरपासून 2,000 वर आली आणि 24 तारखेनंतर बदलून देणंच बंद झालं. म्हणजे पाचव्या प्रकरणात सोपी वाट बंद. बोटाला शाई लावायला सुरुवात झाली ती मधल्याच काळात. जुनी पाचशेची नोट पाणीपट्टीला 15 डिसेंबरपर्यंत चालत होती, हे अक्कांना एका जुन्या वर्तमानपत्रात सापडलं आणि त्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठलाच माझ्या दुकानाच्या शटरपाशी उभ्या होत्या. बाई थकलेली पाणीपट्टी गुपचूप भरते. सहा नोटा. घरात पावती येत नाही, पण मुलगा भरायला जातो तेव्हा खिडकीतला माणूस म्हणतो, भरलीय की. कुणी भरली?

आधीच्या चार वह्यांतल्या दोनशेवर नोंदींपैकी एकही इतकी उपयोगी पडली नव्हती. त्या नोंदी कमी प्रतीच्या होत्या असं नाही, त्यांना विचारणारं कुणी नव्हतं.

कुणाला काय ठाऊक

गुपितावर उभी असलेली कादंबरी एका साध्या चुकीनं पडते: ज्या पात्राला अजून कळलेलंच नाही ते कळल्यासारखं वागतं. यासाठी तक्ता लागतोच. अक्कांच्या घरात नवऱ्याचे न वापरलेले ग्राफ पेपर पडून होते, पिवळे पडलेले. त्यांनी त्यातला एक आणला. आडवी चौदा घरं, उभी पाच: सासू (नोटा साठवणारी ती बाई), सासरा, मुलगा, सून आणि गल्लीचं पाणी सोडणारा चावीवाला. ज्याला ज्या प्रकरणात नोटांबद्दल कळतं तिथून पुढं लाल पेन्सिल.

पहिल्या खेपेला सुनेला सहाव्या प्रकरणात कळत होतं. अक्कांनी ते खोडून पहिल्यात आणलं. त्यामुळं सगळंच बदललं. आता सुनेला माहीत आहे, सासूला माहीत नाही की सुनेला माहीत आहे, आणि वाचक दोघींच्या मधे उभा. सहा प्रकरणं 'कळेल का' या धाकात ओढण्यापेक्षा, कळूनही न बोलण्यात जास्त माल आहे, हे त्यांना माझ्याआधी उमगलं.

तो कागद भरताना त्या नवऱ्याची एक गोष्ट बोलल्या. ते नवशिके असताना त्यांनी साध्या चौकटीच्या कागदावर मोर काढला होता. कागदावर अगदी देखणा. चादरीवर उतरला तो बदकासारखा, बुटका. ताण्याच्या, म्हणजे उभ्या, तारा इंचाला किती आणि बाण्याच्या, म्हणजे आडव्या, किती, त्या प्रमाणातला ग्राफ घ्यावा लागतो, नाही तर नक्षी दबते नाही तर लांबते. मालकानं यंत्रावर चढवायचं ते नक्षीचं कार्ड फेकून दिलं नाही, खुंटीला टांगून ठेवलं, वर्षभर. "म्हणून मला ह्या कागदाचं लई कौतुक नाही," म्हणाल्या, आणि लाल पेन्सिलीला टोक काढायला घेतलं.

ग्राफशिवाय प्रत्येक प्रकरणाला एक कार्ड. त्यावर चारच ओळी: पाणी किती वेळ आलं, नोटा किती आणि कुठं, नवीन काय कळलं, कोण खोटं बोललं. पाचव्याचं कार्ड असं आहे:

'25 नोव्हें. पाणी 40 मिनिटं, गढूळ. नोटा 76, घागरीतून तांदळाच्या डब्यात. बदलून देणं आजपासून बंद, रेडिओवर. खोटं: सून म्हणते तांदूळ संपले नाहीत.'

आठ नोटा कमी कारण सासूनं 12 तारखेला रांगेत उभं राहून 4,000 बदलून घेतले. तांदूळ संपले नाहीत हे खोटं का, ते वाचकानं ओळखावं. या एका ओळीवर अक्का प्रकरण लिहू शकतात. पंधरा रकान्यांच्या तक्त्यानं ते होत नव्हतं.

तीन आवाज

नोव्हेंबर उजाडला. कार्डं तयार होती आणि मला वाटत होतं आता लिहायला बसावं. गुरुजींनीच अडवलं, तेच तक्ताविरोधी गुरुजी. म्हणाले, सांगणार कोण ते ठरलंय का? नाही. मग आधी पहिल्याच रात्रीचं एक पान तीन वेळा लिहा, तिघांकडून.

तटस्थ निवेदकाचं पान असं सुरू झालं: 'रात्री तीनच्या सुमारास पाणी आले आणि गल्ली जागी झाली. म्हातारी मात्र आधीपासूनच जागी होती.' स्वच्छ मराठी, शिक्षिकेचं. पण या निवेदकाला सगळंच ठाऊक, मग तो सांगत का नाही असा संशय येत राहतो. मुलाचं पान तक्रारीचं झालं. त्याला रात्री मोटर लावायला उठायचा कंटाळा, बस्स.

सुनेचं पान मी इथं परवानगीनं देतो:

'पितळी घागर मी काढली नसती. पण बॅरलला भोक पडलेलं, आणि पाणी किती वेळ राहील ते त्या चावीवाल्यालाच ठाऊक. घागरीत हात घातला तर आत प्लास्टिक, प्लास्टिकात कागद. मी हात काढला आणि बादली घेतली. सासूबाईंनी विचारलं, घागर का नाही घेतलीस? मी म्हटलं, जड आहे. त्या म्हणाल्या, हो. जड आहे ती.'

वाचून झाल्यावर मतदान घ्यायची गरज पडली नाही.

आवाज ठरला तशी भाषेची अडचण पुढं आली, आणि तिच्यावर आम्ही सगळ्यात जास्त भांडलो. हे घर आत तेलुगू बोलतं, बाहेर मराठी. मराठी कादंबरीत ते दाखवायचं कसं? मी म्हटलं, अधूनमधून तेलुगू शब्द घाला, चव येईल. अक्का चिडल्या. "चव यायला ती काय शेंगाचटणी हाय? आपल्या घरात आपली भाषा बोलताना माणूस अडखळत नाही. मी अम्माशी बोलायची तेव्हा मला कुठं चव यायली होती?" मग त्यांनी जो नियम केला तो मला फार मोलाचा वाटतो. घरातलं बोलणं, जे प्रत्यक्षात तेलुगू आहे, ते सरळ, पूर्ण, नितळ मराठीत लिहायचं. बँकेत, कारखान्यात, पाणीपट्टीच्या खिडकीवर हीच माणसं मराठी बोलतात तेव्हा ती मोडकी, सोलापुरी, अर्ध्यावर सोडलेली. म्हणजे घरात हुशार वाटणारी सासू खिडकीसमोर अडाणी वाटायला लागते. हे दुःख समजावून सांगायला एक वाक्यही खर्चावं लागत नाही. वरचा घागरीचा संवाद त्याच नियमानं लिहिलाय.

काय टाकलं, काय अडलं

आजोबा गेले. 1930 गेलं. मला वाटलं होतं अक्कांना ते फार लागेल. त्यांनी चारही वह्या कपाटात वर ठेवल्या आणि म्हणाल्या, दुसऱ्या कादंबरीला होतील. गिरणी मात्र राहिली, ती सासऱ्याच्या रूपात: थकलेल्या देण्यांची वाट बघत खाटेवर बसलेला माणूस. ज्याला आयुष्यभराच्या कामाचे पैसे मिळाले नाहीत असा एक, आणि जिचे साठवलेले पैसे कागद व्हायला निघालेत अशी दुसरी, एका घरात. हे शेजारी शेजारी मांडलंय असं कुणी बोलून दाखवायचं नाही, एवढी एकच सूचना मी केली.

शेवटावर मात्र आमचं जुळलं नाही. अक्कांना शेवट गड्ड्यात हवा होता. नंदीध्वज, अक्षता, होम मैदानावरची गर्दी, रात्रीचं शोभेचं दारूकाम आणि त्या उजेडात सासू-सुनेचे चेहरे. डोळ्यांसमोर आणलं तर सुंदर दिसतं. पण यात्रा संक्रांतीच्या सुमाराला, आणि गोष्ट 2 जानेवारीच्या पाण्यालाच संपलेली. मधले दहा-बारा दिवस कशाच्या जोरावर ओढणार? शिवाय दारूकामाच्या उजेडात कुठलाही शेवट शेवटासारखा वाटतो, म्हणून मला त्याचा भरवसा नाही. त्या म्हणाल्या, तू बाहेरून बघायलास, आमच्याकडं वर्ष गड्ड्याला संपतं. यात त्यांचंही चुकत नाही. आम्ही तो निर्णय उघडा ठेवला. चौदाव्या कार्डावर फक्त तारीख लिहिली.

इथं एक व्यवहाराची गोष्ट. आपल्याकडं प्रकाशक आराखडा मागत नाही, पूर्ण बाड मागतो. त्यामुळं ही कार्डं, हा ग्राफ, हे कॅलेंडर कुणाला दाखवण्यासाठी देखणं करण्यात एक मिनिटही घालवू नये. अक्कांच्या कार्डांवर हळदीचे डाग आहेत.

लिहायला लागल्यावर

मार्च संपत आला तेव्हा 112 दिवसांच्या हिशेबानं सातवं प्रकरण पुरं होऊन आठवं हातात हवं होतं. अक्का पाचव्यात होत्या. कारण चावीवाला. कार्डावर त्याला दोन ओळी होत्या: येतो, चावी फिरवतो, जातो. पाचव्या प्रकरणात तो बोलायला लागला आणि नऊ पानं बोलला. रात्री दोन ते पाच सायकलवरून फिरणारा माणूस. कुणाच्या घरात किती वाजता दिवा लागतो ते त्याला ठाऊक, कुठल्या घरातली बाई पाण्याआधी तासभर जागी असते ते ठाऊक.

मी म्हटलं, ग्राफ बघा, त्याच्या ओळीत लाल घर एकही नाही. त्यांनी तो पिवळा कागद माझ्यासमोर धरला. पाचव्या घरापासून पुढं चावीवाल्याची अख्खी ओळ लाल केलेली होती. बाकी घरांत खोडरबराच्या खुणा, दोन-तीन ठिकाणी कागद फाटायला आलेला. पाणीपट्टीचा प्रसंग आता त्याच्याकडून जाणार होता. सासू नोटा त्याच्या हातात देते, कारण कार्यालयात त्याचं येणं-जाणं आहे. त्यामुळं एक नवीनच प्रश्न उभा राहिला, कार्डावर नसलेला: तो सहाच्या सहा भरेल का?

यावर बोलायला मी परवा रात्री त्यांना फोन केला. सातवं प्रकरण चालू आहे म्हणाल्या. चौदाव्या कार्डाचं काय, असं विचारलं.

"त्यावर आता एक ओळ हाय," म्हणाल्या. "पाणी किती वेळ, ते लिहिलंय. दहा मिनिटं."

"आणि नोटा?"

"तेच सांगायले तुला. नोटा..." मागं कुठं तरी हवा सुटल्यासारखा नळ फुरफुरला. "ए, मोटर लाव रे! थांब, ठेवते. पाणी आलं."